नाकातोंडातले पाणी : जलनेतीच्या घरगुती इतिहासाविषयी

मराठी भाषेचे नाकाशी जुने सख्य आहे. नाक मुरडणे, नाक घासणे, नाकाने कांदे सोलणे, नाकापेक्षा मोती जड होणे अशा कितीतरी वाक्प्रचारांतून माणसाचा ताठा, त्याची शरणागती आणि त्याची अब्रू या अवयवाच्या आश्रयाने व्यक्त होते. ‘नाकी नऊ येणे’ या प्रयोगाचा अर्थ सांगताना शरीराच्या नऊ द्वारांचा उल्लेख करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या सर्वांत ‘नाकातोंडात पाणी जाणे’ हा वाक्प्रचार मात्र थेट मरणाच्या काठावरचा. संकट आवाक्याबाहेर गेले, आता माणूस तरत नाही, असे सांगायचे असेल तेव्हाच आपण तो वापरतो. नाकात पाणी जाणे ही आपत्ती आहे, असे भाषेने जणू गृहीतच धरले आहे. असे असताना रोज पहाटे मोरीवर वाकून, मान तिरकी करून, एका नाकपुडीतून कोमट मिठाचे पाणी घेऊन दुसरीतून सोडणारी माणसे आज आपल्या घराघरांतून दिसतात. या आपत्तीचा आचार केव्हा झाला, कोणी केला, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही विचारता येण्याजोगा आहे.

आमच्यापुरता हा प्रश्न वर्गात उभा राहिला. आम्ही दोघे हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयात मराठी शिकवतो. दिवस हळदीच्या हंगामाचे होते. द्वितीय वर्षाच्या वर्गात संत नामदेवांचा भाग चालू होता. नर्सी हे परंपरेने मानलेले त्यांचे जन्मगाव आणि औंढा नागनाथ हे विसोबा खेचरांच्या भेटीचे स्थान, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे हा भाग शिकवताना वर्गात थोडी अधिक जाग असते. औंढ्याच्या मंदिरात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांची कथा झाली, त्यांच्या नाथपंथी धाग्याचा ओझरता उल्लेख झाला आणि तास संपला. बाहेर एक विद्यार्थिनी थांबली होती. तिचे वडील हळद पॉलिश करण्याच्या ढोलावर काम करतात. ती म्हणाली, “सर, आमचे पप्पा रोज सकाळी नाकातून मिठाचं पाणी काढतात. बोअरचंच घेतात. मी म्हणलं, पाणी उकळून घ्या, तर म्हणतात, ही नाथांच्या काळापासूनची क्रिया आहे, तिला काय होतंय? खरंच इतकं जुनं आहे का हो ते?”

आम्ही तिला त्या वेळी काही धड उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही काही वर्षे हाच उद्योग नळाच्या पाण्याने करीत होतो आणि तो प्राचीन आहे या एकाच समाधानावर करीत होतो. आमच्यापैकी एकाचा कान त्यापायी पंधरा दिवस ठणकला होता. परंतु त्याचा दोष आम्ही हिवाळ्याला दिला होता. मुलीच्या प्रश्नाने आम्हाला ग्रंथांकडे परतावे लागले.

* * *

प्रथम शब्द. ‘नेती’ म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला उपनिषदांतील ‘नेति नेति’ आठवते. त्याचा येथे संबंध नाही. संस्कृतात ‘नेत्र’ या शब्दाचा डोळ्याखेरीज आणखी एक अर्थ आहे : घुसळण्याची दोरी. समुद्रमंथनात वासुकीचे जे झाले ते हेच नेत्र. हिंदीत रवीच्या दोरीला आजही ‘नेती’ म्हणतात. हठयोगातील नेतीचे मूळ वर्णन पाहिले की या दोरीची आठवण अपरिहार्य होते, कारण तेथे पाणी नाहीच, तेथे आहे सूत. पंधराव्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा कर्मांची ठाशीव यादी येते. त्यांपैकी नेती म्हणजे एक वितस्ती लांबीचे, स्निग्ध केलेले सूत नाकातून आत घालून तोंडातून बाहेर काढणे. ‘वितस्ती’ म्हणजे आपली वीत. पुढे सुमारे १७०० च्या आसपासच्या ‘घेरंडसंहिते’तही नेती आहे ती सुताचीच.

मग पाणी कोठे आहे? ‘घेरंडसंहिते’त ते आहे, पण वेगळ्या नावाने. तेथे कपालभातीचे वातक्रम, व्युत्क्रम आणि शीत्क्रम असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी व्युत्क्रमात नाकाने पाणी घेऊन ते तोंडावाटे सोडावयाचे असते आणि शीत्क्रमात याच्या उलट. आज कपालभाती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केवळ श्वासाचे झटके येतात. एका ग्रंथात पाण्याच्या क्रियेला जे नाव होते ते आज श्वासाच्या क्रियेपुरते उरले, आणि सुताच्या क्रियेचे नाव पाण्याच्या क्रियेला मिळाले. शब्द घर बदलतात हे आपण भाषाविज्ञानात शिकवतो. येथे ते एका शरीरक्रियेच्या बाबतीत घडलेले दिसते.

पाण्याचा दुसरा धागा आयुर्वेदाचा. चरक आणि वाग्भट यांच्या दिनचर्येत नाकाला महत्त्वाचे स्थान आहे, पण तेथे नाकात घालावयाचे ते तेल. अणुतैलाचे नस्य हा त्या दिनचर्येचा भाग. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त मात्र पहाटे नाकाने पाणी पिण्याची प्रशंसा येते. म्हणजे पाणी नाकातून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. परंतु तेथे ते पाणी प्यावयाचे आहे, एका नाकपुडीतून दुसरीकडे वाहू द्यावयाचे नाही. शिवाय वर उल्लेखिलेल्या यांपैकी कोणत्याही वर्णनात मिठाला स्थान नाही. आपल्या घरातील क्रियेचा जो गाभा, ते मोजून टाकलेले मीठ, तोच जुन्या वर्णनांत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात आली तेव्हा आम्हीही थोडे वरमलो.

* * *

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. विद्यार्थिनीच्या वडिलांनी ‘नाथांच्या काळापासून’ असे म्हटले, त्याला या मातीत एक आधार आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही परंपरा स्वतः ज्ञानदेवांनीच सांगितली आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनी यांचे जे तपशीलवार वर्णन येते ते मराठीतील योगवर्णनाचे शिखर होय. परंतु त्या वर्णनात नेती-धौतीसारख्या कर्मांचा विस्तार नाही. तो अध्याय आसनबंधांकडून कुंडलिनीकडे चढत जातो. नाक-घसा धुण्याच्या तपशिलात रमत नाही.

विसोबांच्या ‘खेचर’ या नावाची गोष्ट या संदर्भात मोठी बोलकी आहे. लोककथा सांगते की, ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजलेल्या मांड्यांचे उष्टे खाण्यास विसोबा धावले तेव्हा त्यांना ‘खेचर’ म्हणून हिणवले गेले. खेचर म्हणजे गाढव-घोड्याच्या संकरातून झालेले जनावर. योगाच्या परिभाषेत मात्र ‘खेचर’ म्हणजे आकाशात विहरणारा, आणि खेचरी ही हठयोगातील एक थोर मुद्रा. ‘घेरंडसंहिता’ नेतीचे फळ सांगताना खेचरीच्या सिद्धीचाच उल्लेख करते. एकाच नावात लोकांनी ऐकलेली हेटाळणी आणि पंथाने ऐकलेली सिद्धी शेजारी शेजारी नांदतात. नामदेवांच्या गुरूच्या नावात योगाचा प्रतिध्वनी आहे, एवढे म्हणता येईल. त्यावरून विसोबा नाकात सूत घालीत होते असे मात्र म्हणता येणार नाही.

उलट नामदेवांच्या वाटेचा कल पाहिला तर तो शरीराच्या कष्टसाध्य कर्मांकडून नामाकडे आहे. औंढ्याच्या कथेचा सारांशही हाच : विसोबा म्हणतात, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, आणि तशी जागा नामदेवांना सापडत नाही. देव जर सर्वत्र आहे तर त्याच्याकडे जाण्यासाठी शरीराची विशेष यंत्रणा सिद्ध करण्याची गरज कमी होते. वारकरी परंपरेने शिंप्याला, कुंभाराला, माळ्याला, दळणाऱ्या बाईला जी वाट दिली ती कामावरून न उठता चालता येण्याजोगी होती. हठयोगाचे ग्रंथ याच्या उलट क्रिया गुप्त राखण्यास सांगतात आणि एकांत मठीची अपेक्षा करतात. तेव्हा हिंगोली परिसराचा ऐतिहासिक वारसा म्हणून जलनेतीकडे बोट दाखवणे म्हणजे नामदेवांच्या दारात उभे राहून पत्ता दुसऱ्याचा विचारण्यासारखे आहे.

‘हठप्रदीपिके’तील एक गोष्ट तर घरोघरी क्रिया करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. मेद आणि कफ ज्याला अधिक आहे त्याने ही सहा कर्मे आधी करावीत, इतरांनी ती करू नयेत, असे तो ग्रंथ स्वच्छ सांगतो. पुढे तर तो असेही नमूद करतो की, काही आचार्यांच्या मते केवळ प्राणायामानेच सर्व मल नाहीसे होतात, त्यांना ही कर्मे मान्य नाहीत. म्हणजे ज्या ग्रंथाच्या प्रामाण्यावर आपण सरसकट सर्वांना रोज सकाळी नेती सांगतो, तो ग्रंथच तिला सरसकट मानत नाही. परंपरेच्या आत मतभेद होते आणि ग्रंथकाराने ते प्रामाणिकपणे नोंदवले. आपण परंपरा उचलली, मतभेद तेवढा तेथेच ठेवला.

* * *

मठीतील सूत घरातील लोट्यापर्यंत आले ते विसाव्या शतकात, आणि त्या प्रवासाचा फार मोठा टप्पा मराठी मुलखात आहे. स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, डभोईचा. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला हा विद्यार्थी बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात तालीम शिकला, अमळनेरला शिक्षक झाला आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासांकडून योगाचे धडे घेता झाला. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहण्याचे त्यांचे प्रयोग याच सुमाराचे. नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋण दाबाला त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ ‘माधवदास’ यांचे नाव दिले. एकीकडे गुरूविषयीची ही निष्ठा आणि दुसरीकडे मोजमापाचा आग्रह, हे दोन्ही एकाच माणसात होते. जे गुप्त राखावयाचे ते त्रैमासिकात छापून आले आणि जे श्रद्धेने मानावयाचे ते मोजून पाहिले गेले.

याच संस्थेतून १९७० साली स्वामी दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी ‘हठप्रदीपिके’ची आणि १९७८ साली स्वामी दिगंबरजी व डॉ. म. ल. घरोटे यांनी ‘घेरंडसंहिते’ची संपादने सिद्ध केली. पाठभेद लावून ग्रंथ छापणे ही तुमच्या-आमच्या ओळखीची शिस्त आहे. आज ‘जुन्या ग्रंथात जलनेती अशी नाही’ हे आम्ही निर्धास्तपणे लिहू शकतो ते अशा संपादकांच्या श्रमामुळे. परंपरेची चिकित्सा परंपरेच्या बाहेरच्यांनीच करावी लागते हा समज या उदाहरणाने सहज दूर होतो.

या शतकात क्रियेचे साहित्यही बदलले. मेण लावलेल्या सुताच्या जागी वैद्यकातील बारीक रबरी नळी आली. सूत्रनेती शिकवणारे अनेक वर्ग आज तीच वापरतात. आणि सर्वसामान्य माणसाला नळीही नको असते म्हणून तोटीचा लोटा पुढे आला. बिहार योग विद्यालयाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आसन-प्राणायामाच्या पुस्तकात कोमट मिठाच्या पाण्याची जलनेती आज आपल्याला परिचित असलेल्या रूपात सापडते. आपल्याकडे नागपूर, ठाणे, नाशिक येथील योगमंडळांनी वर्गांची प्रथा रुजवली. पुढे दूरचित्रवाणी आली, २१ जून २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योगदिन आला आणि २०२० च्या महासाथीत तर नाक हाच साऱ्या घराच्या काळजीचा विषय झाला. आमच्या गावांतील पुष्कळ घरांत नेतीचा लोटा याच काळात शिरला. प्लास्टिकचा तो लोटा पाहून आमच्यापैकी एकाच्या आईला मात्र तान्ह्या मुलांना दूध पाजण्याचे बोंडले आठवले. आकार तोच, तोटीही तीच. आपल्या माजघरातील वस्तू अनोळखी नावाने परत आली असे तिला वाटले असावे.

मीठ कोठून आले, हे सांगावयाचे राहिले. साधे पाणी नाकात गेले की झोंबते, हे नदीत पोहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाकाच्या अस्तरातील पेशींत जो द्रव असतो त्याहून बाहेरचे पाणी पातळ असेल तर ते पेशींत शिरते आणि आग होते. शरीरद्रवाशी जुळणारे मिठाचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के, हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाम्बुर्गर या डच शरीरशास्त्रज्ञाच्या कामातून पक्के झाले. लिटरला ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरला सपाट चमच्याहून किंचित कमी. आपल्या लोट्यातील पाणी झोंबत नाही याचे श्रेय या मोजमापाला आहे. तेव्हा मोरीवर वाकलेल्या माणसाच्या हातात तीन इतिहास एकत्र आलेले असतात : नाव हठयोग्यांच्या सुताचे, पाणी कपालभातीचे आणि वैद्यांच्या पहाटेचे, मीठ प्रयोगशाळेचे.

* * *

ही चर्चा केवळ पांडित्याची असती तर आम्ही ती टिपणवहीतच ठेवली असती. परंतु ‘प्राचीन आहे, तिला काय होतंय’ या वाक्यात एक धोका आहे. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ साली दोन माणसे मेंदूच्या संसर्गाने दगावली. दोघांनीही नाक धुण्यासाठी नळाचे पाणी वापरले होते. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो. तो पोटात गेला तर अपाय करीत नाही. नाकाच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचला तर मात्र मेंदूत शिरतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे असतात. हा संसर्ग अत्यंत विरळ आहे, हे खरे. केरळात अलीकडे, २०२४ आणि २०२५ मध्ये, अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण वाढले तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांतही त्याची चर्चा झाली. त्यातून ध्यानात घेण्याची गोष्ट इतकीच की, पिण्यास चालणारे पाणी नाकास चालेलच असे नाही. आम्ही मराठवाड्याची माणसे. टँकरचे, बोअरचे, तुरटी फिरवून निवळलेले पाणी पिऊन मोठे झालो. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. नाकासाठी पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे, लोटा प्रत्येक वेळी धुऊन कोरडा करावा. कान दुखत असेल, नाक पूर्ण चोंदले असेल, घोळणा फुटत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वैद्यकीय सल्ल्यावाचून ही क्रिया करूच नये. शेवटी पुढे वाकून राहिलेले पाणी निथळू द्यावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरले की पाणी कानाच्या नळीत जाते. आमच्या ठणकलेल्या कानाचे कारण हेच होते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा हिवाळा निर्दोष सुटला.

क्रियेचा उपयोग नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने चोंदणे, सर्दी आणि धुळीची ॲलर्जी यांत काहीसा आराम पडतो, असे आजचे वैद्यकही मान्य करते आणि पूरक उपाय म्हणून ते सुचवते. आमच्या जिल्ह्यात तर त्याला विशेष अर्थ आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या हळद बाजाराला संत नामदेवांचे नाव आहे. परंतु शिजवून वाळवलेली हळद ढोलात घालून फिरवू लागले की उठणारी पिवळी धूळ ज्याच्या नाकात बसते त्या माणसाकडे मानांकनाचे लक्ष जात नाही. त्या मुलीच्या वडिलांना दम लागत होता, नाक सुजत होते, आणि कोणीतरी दाखवलेल्या लोट्याने त्यांना रात्री झोप लागू लागली होती. ‘नाथांच्या काळापासून’ हे त्यांचे वाक्य गर्वाचे नव्हतेच. जी गोष्ट आपल्याला बरे वाटायला लावते तिच्यामागे कोणीतरी मोठे माणूस उभे असावे, एवढीच त्यामागील इच्छा होती. नाकावर बांधायला चांगली पट्टी मात्र त्यांना कोणी दिली नव्हती, आणि तो प्रश्न कोणत्याच पोथीत सुटणारा नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला आमचे उत्तर सांगितले. सूत, पाणी, मीठ, तिन्हींची हकिकत सांगितली. ही क्रिया जशी तुझे वडील करतात तशी शंभर वर्षांच्या आतबाहेरची असावी, पण म्हणून ती खोटी ठरत नाही. फक्त तिचे नियमही तितकेच नवे आहेत आणि ते पाळावे लागतील, असे म्हटले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे उकळायला सांगू ना? गॅस लई जातो म्हणतील.” आम्ही म्हटले, चहाच्या आधी अर्धा लिटर, एवढेच. परीक्षेच्या सुमारास ती पुन्हा भेटली तेव्हा म्हणाली, रात्रीच पातेले उकळून झाकून ठेवते. आणि पप्पांनी ढोलावर जाताना उपरणे ओले करून नाकाला बांधायला सुरुवात केली आहे.

ओले उपरणे पुरेसे नाही, हे आम्हाला ठाऊक होते. तेही तिला सांगितले.